परतीचं पॅकेज

महापे, तिसरा मजला. कुकरचं माहितीपत्रक
अकरा भाषांत वाटून दिलं.
तमिळ आलं. ओडिया आलं, पण अक्षरांऐवजी चौकोन.
मडगावच्या एस्पेरान्साबाईंचा फोन: फाइल उघडेना.
पाहिलं तर कन्नडचं पॅकेज त्यांना गेलेलं;
चूक माझीच.

एकोणचाळिसावं वाक्य सगळ्यांकडेच अडलं,
वाफ गेल्याशिवाय झाकण न उघडण्याचं.
कुणी हुकूम केला, कुणी विनवलं.

रात्री गोठिवलीत आत्या खेकसली,
"वाफ जायपरत झाकान उघरू नुको गो!"

सकाळी भाषांची यादी वरखाली केली.
आगरीला कोड नाही.
मग त्या वाक्याखाली, शेरा म्हणून,
आत्याला बसवलं
आणि पॅकेज बंद केलं.

संध्याकाळी क्लायंटचा मेल:
अकरा सांगितल्या होत्या,
ही बारावी कोण?