लाल ठिपका

नंदेसरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी सिग्नल सांभाळले.
चार ते वीस मिलिअँपिअर:
टाकीतली पातळी, बॉयलरचा ताप,
तारेतून निमूट येणारी खबर.
घरात मात्र, कारेलीबागेत, तिसऱ्या मजल्यावर
एक भुणभुण मला सापडेना.

अँप्लिफायर जुना, पण धडधाकट.
डॅक घेतला वापरलेला, अलकापुरीतल्या डॉक्टरांकडून.
कोअ‍ॅक्सियल केबल मीच सोल्डर केली,
पंचाहत्तर ओहम, चोख.
आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच
स्पीकरात कुणीतरी येऊन बसलेलं.
भुंगा म्हणा, पन्नास हर्ट्झ म्हणा.

वायरमन जिग्नेश म्हणाला, "काका, अर्थिंग बराबर छे."
तरी मी खाली जाऊन
अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं.
वॉचमन बघत राहिला, झाड कुठंय म्हणून.

मग उमगलं.
दोन यंत्रं, दोघांची जमिनीशी ओळख वेगवेगळी,
आणि मधे तांब्याची तार.
जोडलेली होती
म्हणूनच कुरकुरत होती.

ऑप्टिकल आणली, दोनशे ऐंशी रुपये, मंगळ बाजारातून.
हिच्यातून वीज जात नाही,
नुसता उजेड जातो.
भुणभुण गेली. अशी गेली
की पंखा ऐकू आला,
आणि स्वयंपाकघरात कुंदा
गवारीच्या शिरा काढतेय, तेही.

आता म्हटलं, मूळ माल बघू.
ब्याऐंशी सालची कोजागरी, शिर्क्यांची गच्ची,
कुंदा बागेश्री गातेय.
कॅसेटला बुरशी लागली, ती गेली.
त्याआधी रावपुऱ्यात एकाने
एमपीथ्री करून दिली होती, एकशे अठ्ठावीसवर.
"कंई फरक नहि पडे, साहेब."

मी तिची फ्लॅक केली.
फाइल पाचपट फुगली.
कुंदाला आकडा दाखवला, तर म्हणते,
"ताकाला मोठं पातेलं दिलं
म्हणून लोणी परत येतं का?"

नाही येत. मला ठाऊक होतं.
एमपीथ्री करताना यंत्र ठरवतं
की मोठ्या आवाजाच्या कुशीतला हा बारीक आवाज
कुणाला ऐकू येणार नाही.
टाकून देतं.
जागा वाचते.

नाइट शिफ्ट होती, मग मुलं, मग आईचं अंथरूण.
तंबोरा माळ्यावर ठेवू या, जागा वाचेल
हे वाक्य माझंच.
दिवाळीच्या साफसफाईत बोललो होतो, सहज,
स्टुलावर उभा राहून.
ती खालून देत होती, मी वर घेत होतो.

तान संपते तिथं आता
पाण्यात भिजल्यासारखी सळसळ येते.
एकदा कुणीतरी खोकतं.
"हा तू," कुंदा म्हणाली.
खोकला मात्र अगदी स्पष्ट राहिलाय.

हात पदराला पुसत ती पुढे आली.
"जातं कुठून ते?"
मी डॅकच्या मागून केबल उपसली, तिच्यापुढे धरली.
टोकाशी लाल ठिपका.
मेंदीला धरतात तसा तळहात धरून
तिनं तो घेतला.

स्पीकर गप्प.
ठिपका स्थिर दिसतो, पण नसतो.
सेकंदाला अठ्ठावीस लाख ठोके,
आणि त्यांत कुठेतरी बावीस वर्षांची मुलगी
कोमल गंधारावर रेंगाळतेय.
कुंदानं मूठ मिटली.
बोटांच्या फटींतून तांबूस उजेड.

डॅकवर अक्षरं लुकलुकायला लागली, सिग्नल नाही.
मी केबल परत मागितली नाही.
तिच्या टोकाचं ते टोपण,
हरभऱ्याच्या डाळीएवढं,
सोफ्याखाली शोधत राहिलो.