गाठ, उजवी मांडी

चिठ्ठीवर एवढंच असतं:
क्रमांक, जन्मसाल, आणि ‘गाठ, उजवी मांडी’.
आपल्याकडे गाठ पडते ती माणसांची,
पदराला मारतात ती विसरू नये म्हणून,
सुटता सुटत नाही ती निरगाठ.
इथे बर्मिंगहॅमला ती माझ्याकडे येते
सुईनं काढलेल्या चार दोऱ्यांच्या रूपात,
शेवयांहून बारीक, फॉर्मॅलिनमध्ये बुडालेले.

मेणात बसवते. गारठवते. पातं लावते.
फीत सुटते, कोमट पाण्यावर पसरते,
साय उचलावी तशी काचेवर घ्यायची.
त्या वेळी शिंकायचं नाही.
खिडकीबाहेर नोव्हेंबर, चार वाजताच काळोख.

चौदा महिने तो ती मांडीत वागवत होता.
स्नायू लचकला असेल, म्हणाले.
चरबीची असेल, म्हणाले.
ती दुखत नव्हती, हाच तिचा कावा.
मुठीएवढी झाली तेव्हा कुणीतरी टेप लावून मोजली.

रात्री अंधाऱ्या खोलीत दुसरी तपासणी:
लाल ठिपका, हिरवा ठिपका,
निरोगी पेशीत चिकटून, एका ताटात जेवल्यासारखे.
त्याच्या पेशींत दोघांची फारकत.
बारावं गुणसूत्र तुटून सोळाव्याच्या घरी नांदायला गेलेलं.
मी शंभर पेशी मोजल्या.
नव्वदाव्या पेशीपर्यंत उगीच आशा धरली,
माझं काम आशेचं नाही तरी.

नाव ठरलं. नाव ठरल्यावरच किरण ठरतात.
आमचा प्रश्न तसा लहान:
पंचवीस दिवसांऐवजी अठरा दिवस पुरतील का?
एवढ्याशा प्रश्नाला सहा वर्षं लागली,
कारण असे रोगी वर्षाला मूठभर.
दुर्मिळ.
पोथी दुर्मिळ असली की तिला काचेचं कपाट मिळतं,
रोग दुर्मिळ असला की अर्ज परत येतो.

मग शस्त्रक्रिया. अख्खी गाठ आली, वजन केलं,
कडांना शाई फासली, काळी, निळी, हिरवी,
ती काठापर्यंत पोचली होती का, एवढंच कळावं म्हणून.
पोचली नव्हती. चार मिलिमीटर बाकी.
आयुष्यात इतक्या थोड्या अंतरासाठी
मी कधी खुर्चीतून उठले नव्हते.

वसंतात प्रयोगशाळा लोकांना दाखवायचा दिवस होता.
काठी टेकत एक गृहस्थ आले,
एल्विन ट्रँटर, टिप्टनचे,
क्रॅडली हीथला जन्मभर साखळदंड घडवलेले,
तळहात अजून तव्यासारखे.
म्हणाले, माझी बघता येईल का?
परवानगीचे कागद झाले. मी काच लावली.
ते बराच वेळ वाकून होते.
मला वाटलं, रडतायत.
मान वर करून म्हणाले,
‘ही तर माझ्या कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी!’

आता काय सांगू त्यांना,
त्या बारीक रक्तवाहिन्यांना पुस्तकातसुद्धा
नेमकं हेच म्हणतात.
मला ते शिकायला दोन वर्षं लागली होती.
‘जाळी वाईट विणलीय,’ ते म्हणाले,
‘कोल्हा सहज शिरेल.’

दर तीन महिन्यांनी छातीचा फोटो,
मग सहा, मग वर्षाने.
ते मला भेटत नाहीत, भेटायचं कारणही नाही.
स्वागतकक्षात अंड्यांचा खोका ठेवून जातात,
प्रत्येक अंड्यावर पेन्सिलनं वार.

काल निबंधासाठी आलेख काढत होते.
माणूस गेला की रेघ एक पायरी उतरते.
आहे, पण पुढचं ठाऊक नाही,
त्याच्यासाठी रेघेवर बारीक उभी खूण.
एकतीस जण. पायऱ्या सहा.
एकेक खूण ठेवत गेले,
त्यातली कुठली त्यांची, मला माहीत असायला नको,
पण माहीत होती.

घरी येऊन अंडं उकडत ठेवलं.
मंगळवारचं होतं.