चार महिन्यांचा

सोहारच्या कॅम्पात, खोली नंबर एकवीसमध्ये
आम्ही सहा जण आणि संडास एक.
दारावर इलियास मुकादमने चिकटवलेला कागद:
पावणेचार ते चार, बिजू. चार ते सव्वाचार, दिलबहादुर.
माझ्या नावापुढे त्याने वेळ घातलीच नाही.
लिहिलं, केणी – कधीपण.

त्या ‘कधीपण’मध्ये माझा अख्खा दिवस जातो.

गाठ काढली तेव्हापासून आठ महिने
पोटावर एक तोंड होतं,
लाल, ओलं, न विचारता बोलणारं.
पिशवी भरायची, मी रिकामी करायचो,
जमलं होतं आमचं.
मग मस्कतच्या डॉक्टरने ते मिटलं,
आतलं आत जोडलं,
आणि पाचव्या रात्री दोन वाजता
मी पादलो.
नर्सने टाळ्या वाजवल्या.
वृषाली फोनवर रडली, सरला का वारा? देव पावला!
लग्नाला सतरा वर्षं झाली,
माझ्या कुठल्याच कर्तबगारीवर ती इतकी खूश झाली नव्हती.

वाटलं, सुटलो.
पण आठ महिने सुटीवर गेलेला कामगार
परतल्यावर काम विसरलेला असतो, हे कुणी सांगितलं नव्हतं.
पँटची गुंडी लावेपर्यंत पुन्हा बोलावणं.
अकरा वेळा. एके दिवशी सतरा.
मग दोन दिवस कुलूप,
आणि कुलपाचीसुद्धा भीती.

पेज. मीठ. केळं. पुन्हा पेज.
बिजू मासे तळतो तेव्हा मी बाहेर जाऊन बसतो
एसीच्या गरम झोतात,
तिरफळं घातलेला बांगडा
मनातल्या मनात गिळत.
पोटासाठी देश सोडला, असं गावी सांगतो आम्ही.
त्या पोटाशी दोन शब्द बोलायला
वेळ मात्र आत्ता मिळालाय.

कॅम्प ते बंदर पस्तीस मिनिटं.
बाकीचे डुलक्या काढतात, मी मोजतो:
पेट्रोलपंप,
निळ्या दाराची मशीद,
मग अकरा मिनिटं काहीच नाही,
नुसती वाळू आणि तेलाच्या टाक्या.
ड्रायव्हर जरबाज खान आरशातून बघत असतो.
एकदा त्याने मशिदीपाशी बस थांबवली,
बॉनेट उघडलं, म्हणाला, इंजन गरम है.
इंजिन थंड होतं. सगळ्यांना माहीत होतं.
मी परत येईपर्यंत कुणी घड्याळ पाहिलं नाही.

जूनमध्ये इथे नळाला गच्चीवरचं उकळतं पाणी.
सोललेल्या कातडीवर ते घेऊन बघा एकदा.
आता दिलबहादुर रात्रीच बादली भरून ठेवतो,
वर ताट झाकतो,
जणू आत कालवण आहे.

गुरुवारी फार्मसीत
लहान मुलांच्या लंगोटाच्या पुरळावरचं पांढरं मलम मागितलं.
काउंटरवरची मिसरी बाई हसली,
मुबारक! बाळ केवढं?
मी बोटं मोजली, फेब्रुवारी, मार्च...
चार महिन्यांचा, म्हणालो.
रात्री झोपतो?
नाही. तीनदा उठवतो.
दूध पचतं?
मुळीच नाही.
शिकेल, ती म्हणाली. काही लवकर शिकतात,
काहींना वर्ष लागतं. रागावू नका त्याच्यावर.
आणि ओल्या पुसण्यांचं एक पाकीट फुकट दिलं.

बाहेर येऊन गाड्यांच्या सावलीत उभा राहिलो
आणि शर्टावरून चाचपला तो शिवलेला ओठ.
रागावलो होतो खरा.
चार महिने नुसता रागावलोच होतो.

रात्री इलियासला सांगितलं, तो खाटेवरून पडेस्तोवर हसला.
सकाळी कागदावर केणी खोडलेलं,
वर त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात:
बाळ – कधीपण.

काल सहा वेळा.
आजचं अजून सांगता येत नाही,
आत्ताशी सव्वापाच वाजलेत.