अपटाइम

रुवीत, टायरच्या गोदामामागे,
अठरा अंशांची एक खोली.
जूनमध्ये बाहेर डांबर चपलेला चिकटायचं,
आत मी स्वेटर घालून बसायचो.
श्रीवर्धनला कुणाला पटायचं नाही.
मस्कतला जाऊन थंडी वाजते म्हणे याला!

सत्त्याऐंशी साली आलो, तेव्हा एकच पेटी होती.
काळा पडदा, हिरवी अक्षरं,
आणि एक आडवी रेघ, लुकलुकत,
हुकमाची वाट बघत.
एका फ्लॉपीने तिला जागं करायचं,
दुसरीने हिशेब भरवायचा.
खल्फान शेठ मागे उभे राहून विचारायचे,
"टायर किती ते हिला कळतं,
मग ते कुठे ठेवलेत ते का नाही सांगत?"
मला आजही उत्तर सुचलेलं नाही.

मग खिडक्या आल्या, उंदीर आला.
दर शनिवारी, आठवड्याच्या पहिल्या दिवशी,
उंदराच्या पोटातली गोळी काढून
मी नखाने मळ खरवडायचो.
वाळूला दार लागत नाही.
अरबी अक्षरं उजवीकडून यायची, आकडे डावीकडून,
मध्ये कर्सर अडकून पडायचा
विमानतळावरच्या नव्या पोरासारखा.
पडदा निळा झाला की
कुंजुमोन स्टोअरमधून ओरडायचा, "समुद्र आला!"

दोन हजार साल उजाडायच्या रात्री
आम्ही सगळे टॉर्च घेऊन बसलो.
बारा वाजले. काही झालं नाही.
शेठनी मागवलेला शुवा तेवढा संपला.

ती आली त्याच्या पुढच्या वर्षी, ऑगस्टात.
युनिक्स. कपाटाएवढी. तिला स्वतःचा पडदाही नव्हता.
खोली खरं तर तिच्यासाठी आणखी थंड केली,
मी फुकटात गारठलो.
एकदा चालू केली ती केली.
रोज सकाळी विचारायचो, किती दिवस झाले?
नऊशे चार. नऊशे पाच.
तेवढ्यात मला तीनदा बंद करून चालू केलं होतं:
रक्त, एक्सरे, अंगठा, नवा शिक्का,
महिनाभर घर, आणि परत.
माझा धाकटा दर वेळी नव्याने लाजायचा.

दोन हजार एकशे बाराव्या दिवशी वादळ आलं.
इथली वादी म्हणजे कोरडी नदी,
ती त्या दिवशी रस्त्यावरून गाड्या घेऊन गेली.
वीज गेली. बॅटरी चाळीस मिनिटं टिकली.
अंधारात तिचे पंखे हळू होत गेले,
आणि मला कळलं,
की सहा वर्षं ज्याला मी शांतता म्हणत होतो
तो तिचा आवाज होता.

पुढचं सगळं भराभर झालं.
एका पातळ पेटीत अकरा कंप्युटर,
हात लावायला एकही नाही.
मग शेठचा नातू मुहन्नद म्हणाला, सगळं ढगात ठेवू.
मी खिडकीतून वर बघितलं.
या शहरात ढग म्हणजे पाहुणा.
म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी गावात
दुसरी एक थंड खोली,
आणि स्वेटर घातलेला दुसरा कुणीतरी. असेल.
आताशा माणूस लागतो की नाही, माहीत नाही.

काल एसी बंद केला.
तासाभरात खोली बाहेरच्यासारखी झाली.
कपाटात बॅकअपच्या टेप निघाल्या,
वाचणारं यंत्रच आता नाही.
त्यांच्यामागे सात कॅसेट,
झुलेखा दर ईदला पाठवायची त्या.
इथे ठेवल्या होत्या, उन्हाने वितळू नयेत म्हणून.
त्याही वाजवणार कशावर?
ती रोज व्हिडिओवर दिसते, चष्मा कपाळावर,
पण तो आवाज आता तिचाही राहिलेला नाही.

पहिली मला पाठ आहे.
"ऐकायला येतंय का?"
आणि मग बराच वेळ काहीच नाही.
लाल दिवा पेटलाय की नाही,
बघत असावी.