जमा

ओटलीच्या चॅपलमागच्या हॉलमध्ये
दर ऑक्टोबरात, दुसऱ्या शनिवारी, दहा ते एक
आमची कॉफी मॉर्निंग असते. पाऊस धरूनच चालायचं.
क्लबात एकोणीस बायका. वयाची बेरीज करू नये.
मी खजिनदार,
कारण पहिल्याच सभेत कुणीतरी म्हणालं,
तुम्हा लोकांना आकडे चांगले जमतात,
आणि मी मान डोलावली.
मॅट्रिकला गणितात छत्तीस होते
हे एनिडला अजून सांगितलेलं नाही.

दाराशी टोंबोला, बेरिलच्या ताब्यात.
शून्य किंवा पाचावर संपणारं तिकीट निघालं की बक्षीस.
लॅव्हेंडरच्या साबणांची ती जांभळी पेटी
सात वर्षं या गावात फिरते आहे:
जिंकायची, कपाटात ठेवायची,
पुढच्या वर्षी देऊन टाकायची.
अजून कुणाच्या अंगाला लागलेली नाही.

माझी नानकटाई इथे ‘सुलूचं शॉर्टब्रेड’.
दोन नग, पन्नास पेन्स.
वेलदोडा आता ओळखीचा झालाय,
जायफळाशी अजून नुसतंच हाय-हॅलो.

आई द्यायची ते पदराआडून.
या हाताचं त्या हाताला कळू नये, म्हणायची,
आणि कळलंच तर त्याने गप्प बसावं.
इथे माइकवरून पुकारतात:
फळांची टोपली, मिसेस थ्वेट यांच्याकडून! टाळ्या.
पहिली दोन वर्षं मला लाज वाटायची, त्यांच्या वतीने.
मग एकदा हॉस्पिसमध्ये सहज विचारलं,
रात्रपाळीच्या नर्सचे तासाला किती होतात.
तेव्हापासून माइक मीच धरते.

यंदा ग्लेनिस उशिरा आली.
मार्चमध्ये नॉर्मन गेला, आमच्याच हॉस्पिसमध्ये,
शेव्हिनची टेकडी दिसते त्या खोलीत.
त्याची जिगसॉ कोडी तिनेच पाठवलेली,
दोन खोकी, दोऱ्याने बांधून.
ती टेबलाभोवती दोनदा फिरली,
मफलरवर बोट ठेवलं, जामच्या बाटल्या वाचल्या,
आणि मग एक पेटी उचलली.
बंदर, होड्या, हजार तुकडे.
झाकणावर त्याचं तिरकं अक्षर:
एक तुकडा नाही. आकाशातला. कुत्र्याने खाल्ला.
‘खोटारडा,’ ती म्हणाली.
‘कुत्रा माझ्या मांडीवर होता.
ह्यानेच हरवला.’

दोन पौंड, मी म्हणाले.
तिने विसाची नोट ठेवली
आणि चहाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.
सुटे घेऊन मी मागोमाग गेले तर
माझी मूठ तिने बाहेरून मिटली,
लहान मुलीच्या हातात खाऊ देतात तशी,
आणि पुढच्या बाईला विचारलं, दूध संपलं का गं?

रात्री जेवणाच्या टेबलावर चळती लावते.
मोजते मराठीतच;
शंभराच्या पुढे इंग्रजी आकड्यांवर माझा भरवसा नाही.
सातशे त्रेचाळीस पौंड साठ पेन्स,
एक युरो, एक कोटाचं बटण.
वहीत रकाने आहेत: दार, केक, टोंबोला, पुस्तकं आणि खेळ.
ते अठरा कुठे टाकू?
‘देणगी’ लिहिलं तर नाव लिहावं लागेल,
नाव लिहिलं की पुढच्या सभेत वाचून दाखवतील,
टाळ्या.
पेन्सिलीचं टोक करून आले. नवऱ्याने विचारलं, जमेना का?
जमतंय, म्हटलं.
शेवटी लिहिलं: कोडं, एक नग, वीस पौंड.
एनिड तपासताना चष्म्यावरून बघेल.
बघू दे.

साबणांची पेटी यंदा मला लागली.
समोरच्या खुर्चीवर ठेवली आहे, पाहुणीसारखी.
मघापासून नखाने उचकटते आहे,
पण सात वर्षांची चिकटपट्टी,
थरावर थर,
सुरी आणावी लागणार.