दुभाष्याची नोंद

कुरामोचीसाहेब आता खासदार,
तरी करार वाचताना अजून
मालाची पावती तपासावी तसे
आकडे बोटाने धरतात.

पेकिंग, डिसेंबर.
खत इतकं, सोयाबीन तितकं, सगळं जमलेलं.
दोन दिवस गाडी अडलीय ती एका शब्दावर:
‘खेद’ की ‘क्षमा’.

समोरच्या फानबाईंनी सहज विचारलं,
‘मुकदेनचा सुयांचा कारखाना तुमचाच ना?’
मी तोंड उघडायच्या आत साहेब ‘हो’ म्हणाले.
चिनीत.
अकरा वर्षांत मला पत्ता नव्हता.

बाईंनी डावा हात टेबलावर ठेवला.
तर्जनी अर्ध्यावरच संपलेली.
याचं भाषांतर कुणी मागितलं नाही.

साहेबांनी ‘खेद’ खोडला,
मग माझ्याकडे वळून, हळूच:
‘दुसरा शब्द यांच्याकडे कसा लिहितात?’

असाच, म्हटलं.
अक्षरं तीच.