बारा टक्के ओल

मेहरूनबाई, ही कादंबरी परत घ्या.
चारशे बारा पानं.
उदगीरच्या मोंढ्यात वीस वर्षं काट्यावर बसतो मी,
सोयाबीन मुठीत घेतलं की ओल कळते.
बारा टक्क्यांपर्यंत चालवून घेतो.
हिच्यात लई आहे.
दर प्रकरणाला कुणीतरी खिडकीशी उभं
आणि बाहेर आभाळ त्याच्याच मनासारखं.
आमच्याकडं आभाळ कुणाचं ऐकत नाही.

तरी तो सासरा चांगला उतरलाय,
मेलेल्या बायकोच्या चपला
दर दिवाळीला पॉलिश करून आणणारा.
त्याला पान नव्वदवरच मारला. कहून?
तिथून पुढं मी नुसती पानं उलटली.

कवितेचं मात्र राहू द्या अजून आठ दिवस.
दंड लावा.
पहिल्या दहा कळल्या नाहीत,
अकरावी कळली आणि राग आला.
बहिणीला फोन लावायचा म्हणून
हा माणूस नंबर दाबतो, शेवटचा आकडा सोडून.
एवढंच. खाली कोरं.
छपाई राहिली असंल म्हणून
मी पान उजेडाला धरलं.

तुमचे ते नवे सर हसले काल,
"वाचलो नाही हो, वाचलं म्हणा."
कादंबरीचं म्हणतो की, वाचली.
हे पुस्तक मी वाचलो.

परवा दुपारी हमाल जेवायला गेले तेव्हा
भालकीचा नंबर काढला.
सहा वर्षं झाली, वाटणीपासून.
नऊ आकडे दाबले.
दहावा सात आहे.
तेवढ्यात दालमिलचा ट्रक काट्यावर चढला.